एकट्याने खेळताना ८५, रेसमध्ये ६८, हे काय गौडबंगाल आहे?

वेगवेडा | सोम, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचनमात्र आहे, आज अगदीच राहवेना म्हणून धागा काढतोय. गेले चार महिने टायपिंग गेम्सचं वेड लागलंय. आधी मंकीटाईपवर एकट्याने टेस्ट द्यायचो, रोज अर्धा तास, ४५ पासून सुरुवात केली आणि आता आरामात ८५ डब्ल्यूपीएम (मिनिटाला शब्द) येतात, कधीमधी ९० पण दिसतात. मग वाटलं आता मैदानात उतरावं, म्हणून टाईपरेसरवर गेलो, तिथे अनोळखी लोकांबरोबर गाड्यांची शर्यत असते ना, तर पहिल्याच दिवशी पार चोथा झाला. सरासरी ६८, अचूकता ९३-९४. तोच की-बोर्ड, तीच खुर्ची, तीच दहा बोटं. बरं पहिल्या ओळीत मी पुढे असतो, मग शेजारची गाडी जरा सरकली की माझी बोटं कुठे पडतायत ते बोटांनाच माहीत. कुणाला असा अनुभव आहे का? की मी मुळात ६८ वालाच आहे आणि ते ८५ म्हणजे मनाचे मांडे?

बॅकस्पेस_बहाद्दर | सोम, रात्री ११.५०

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या की-बोर्डवरची कुठली की सगळ्यात जास्त झिजलीये ते आयडीवरून कळलंच असेल.

निवांत | मंगळ, सकाळी ८.१५

वेगवेडा, मनाचे मांडे वगैरे काही नाही, पण तू दोन वेगळ्या गोष्टी मोजतोयस आणि आकडा एकाच नावाचा आहे म्हणून गोंधळ होतोय. मंकीटाईपवर तू काही सेटिंग बदललं नसशील तर तिथे इंग्रजीतले सगळ्यात नेहमीचे २०० शब्द उलटसुलट येत राहतात. कॅपिटल नाही, स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्ह नाही. चार महिने रोज तेच २०० शब्द टाईप केले की बोटांना ते तोंडपाठ (की बोटपाठ?) होणारच. टाईपरेसरवर पुस्तकांतले, सिनेमांतले उतारे असतात. मध्येच विशेषनाम, मध्येच सेमीकोलन, संवाद असला तर दर ओळीला शिफ्ट.

दुसरं म्हणजे चुकीचा नियम. मंकीटाईपवर शब्द चुकला तरी स्पेस दाबून पुढे जाता येतं, तो शब्द हिशोबात धरत नाहीत एवढंच. टाईपरेसर तुला पुढेच जाऊ देत नाही. चूक झाली की तो डबा लाल होतो आणि तू पुढे कितीही बडवलंस तरी मागे येऊन ते एक अक्षर नीट केल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे तिकडे चुकलं तर दंड, इकडे चुकलं तर थेट फाटक बंद.

करून बघ: मंकीटाईपवर विरामचिन्हं आणि आकडे चालू कर, चुकीवर थांबायचं सेटिंग लाव, आणि मग ८५ येतात का ते इथे येऊन सांग. माझे १२ ने पडले होते.

वेगवेडा | मंगळ, सकाळी ८.४०

केलं. ७४. सकाळ खराब झाली राव.

हिशोबी | मंगळ, सकाळी १०.०५

निवांतच्या मुद्द्याला आकडे जोडतो, मला हा विषय फार आवडतो.

या सगळ्या गेम्समध्ये एक शब्द म्हणजे पाच अक्षरं, स्पेस धरून. खरा शब्द कितीही लांब असो. तेव्हा ८० डब्ल्यूपीएम म्हणजे मिनिटाला ४०० वेळा की दाबणं, म्हणजे एका कीला ०.१५ सेकंद. ३०० अक्षरांचा उतारा, एकही चूक नाही, तर बरोब्बर ४५ सेकंदांत संपतो.

आता एक चूक धरा. चूक झाल्याझाल्या कुणालाच कळत नाही, बोटं पुढे दोन अक्षरं टाकून मोकळी झालेली असतात. म्हणजे तीन वाया गेलेली अक्षरं (०.४५ से.), तीन बॅकस्पेस (०.४५ से.), आणि मध्ये जो "अरेच्चा" असतो त्याचा अर्धा सेकंद. झाला १.४ सेकंद. अशा फक्त सहा चुका केल्या तर ८.४ सेकंद गेले, ४५ चे ५३.४ झाले आणि वेग ८० वरून ६७ वर. आणि गेम नुसती पहिली चुकीची कीच मोजत असेल तर अचूकता दाखवणार ९८ टक्के! म्हणजे तुम्ही ९८ बघून खूश, आणि गाडी तिसरी.

वेगवेडा, तुझी अचूकता ९३-९४ आहे म्हणतोस. ६८ येतात हेच खूप आहे.

बॅकस्पेस_बहाद्दर | मंगळ, सकाळी १०.११

हिशोबी साहेब, त्या "अरेच्चा" चा अर्धा सेकंद कुठून काढलात? माझा "अरेच्चा" बराच लांब असतो आणि त्यात इतरही शब्द असतात.

कळफलककाका | मंगळ, दुपारी १.३०

मी टाईपरायटरवर शिकलेला माणूस. खडखडणाऱ्या यंत्रावर. तिथे बॅकस्पेस होता पण तो नुसता गाडा एक घर मागे न्यायचा, छापलेलं पुसायचा नाही. चुकलं की कागद बदला. त्यामुळे आमच्या पिढीला चुकीची भीती हाडात बसली आहे आणि तुम्हा मुलांना बॅकस्पेस हा हक्क वाटतो, फरक तिथे आहे.

आणि ही स्पर्धा काही गेम्सनी काढलेली नाही बरं का. १८८८ साली अमेरिकेत सिनसिनाटीला फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांचा सामना झाला होता. ट्रॉब कळांकडे बघून टाईप करणारा, त्याचं यंत्रही वेगळं, लहान आणि मोठ्या अक्षरांना वेगळ्या कळा असलेलं. मॅकगरिन कोर्टात लघुलेखक, त्याने कळफलक पाठ केलेला आणि तो कळांकडे बघायचाच नाही. मॅकगरिन सरळ जिंकला आणि न बघता टाईप करायची पद्धत त्यानंतर गाजली. त्याचा फायदा कुठे झाला असेल ते बघा, ट्रॉबला कागद, कळ, कागद, कळ अशी मान हलवावी लागत होती, मॅकगरिनची नजर कागदावरून हललीच नाही.

पुढे टाईपरायटर कंपन्या आपापले खेळाडू उतरवायच्या. १९२३ साली अल्बर्ट टँगोराने अंडरवुडच्या यंत्रावर सलग एक तास मिनिटाला १४७ शब्द काढले, तेही चुकांचा दंड वजा करून. एक तास! तुमचे हे पंधरा सेकंदांचे विक्रम बघून हसू येतं मला.

वेगवेड्या, तुला माझा सल्ला एकच. वेग विसर. महिनाभर असं टाईप कर की एकही चूक होणार नाही, भले ५० ने कर.

रोलओव्हर_राणी | मंगळ, दुपारी ४.०२

काका दंडवत, पण शेवटच्या सल्ल्याशी अजिबात सहमत नाही. मी १३० च्या आसपास रेस करते, तीन वर्षं झाली, आणि मीही एकदा असाच महिनाभर सावकाशीचा उपास केला होता. झालं काय, अचूकता ९९ ला गेली आणि वेग ९५ ला अडकला तो हलेचना. कारण सावकाश टाईप करणं आणि भराभर टाईप करणं या हाताच्या दोन निरनिराळ्या हालचाली आहेत, पहिली वाढवत नेली की दुसरी होते असं नाही.

सांगते कशी. सावकाश टाईप करताना आपण एक की दाबतो, सोडतो, मग दुसरी दाबतो. वेगात तसं होतच नाही. पहिली की अजून खाली असतानाच दुसरं बोट दुसरी की दाबून मोकळं झालेलं असतं. याला रोलओव्हर म्हणतात, माझा आयडी तिथूनच आलाय. २०१८ मध्ये फिनलंडचं आल्टो विद्यापीठ आणि केंब्रिज यांनी मिळून १ लाख ६८ हजार लोकांच्या टायपिंगचा अभ्यास केला, तब्बल १३ कोटी ६० लाख वेळा की दाबल्याची नोंद. त्यात सरासरी वेग निघाला ५२ शब्द. आणि भराभर टाईप करणाऱ्यांच्या ४० ते ७० टक्के अक्षरांत हा रोलओव्हर सापडला. दुसरी गंमत म्हणजे वेगवान लोक चुका जास्त नाही, कमी करत होते. आणि दहाच्या दहा बोटं न वापरणारे काही जण रीतसर शिकलेल्यांच्या तोडीस तोड होते, म्हणजे काका, क्लासवाल्यांची ती फूटपट्टी उगाच खाल्ली आपण.

मी काय करते: दहा रेस अशा की चूक झाली तर स्वतःवर चिडायचं, मग पाच रेस अशा की चूक झाली तर खुशाल होऊ दे, फक्त बोटं पळवायची. दोन्ही लागतं.

कळफलककाका | मंगळ, सायं ६.२०

राणीताई, फूटपट्टी मी पण खाल्ली आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतं सहमत. पण तुम्ही ९९ वर आधी गेलात आणि मग बोटं पळवलीत, हा क्रम विसरू नका. वेगवेडा ९३ वर आहे. त्याला पळवायला सांगितलं तर तो खड्ड्यातच पळेल.

रोलओव्हर_राणी | मंगळ, सायं ६.४४

हम्म. हे मान्य करावं लागेल. अर्धं.

निवांत | मंगळ, रात्री ९.१०

तुमचं दोघांचं चालू दे, पण मूळ प्रश्नातला एक तुकडा सुटतोय. ७४ कुठे आणि ६८ कुठे? उतारे सारखे केले, नियम सारखे केले, तरी सहा शब्द उरतातच. ते सहा शेजारच्या गाडीने खाल्ले. वेगवेडा म्हणतोय ना की दुसऱ्याची गाडी सरकली की त्याची बोटं फिरतात. गाड्या वर, उतारा खाली, आणि आपण वर बघितलं की जागा हरवते, परत येऊन शब्द शोधायचा. काकांच्या गोष्टीतल्या ट्रॉबचीच मान आहे ही, फक्त कळांऐवजी गाड्यांकडे वळलेली.

बॅकस्पेस_बहाद्दर | मंगळ, रात्री ९.३३

म्हणून मी नायट्रो टाईप खेळतो. तिथे एंटर मारून नायट्रो सोडला की अख्खा शब्द उडी मारून पार होतो. मी ते नेहमी सगळ्यात लांबलचक शब्दासाठी राखून ठेवतो. कुणी म्हणेल ही कसली टायपिंगची परीक्षा, मी म्हणतो हे डोकं आहे. माझा नंबर तरीही चौथा येतो ते सोडा.

टकटक_बंद | बुध, सकाळी ७.५५

की-बोर्डबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझ्या जुन्या साध्या रबरी पडद्याच्या की-बोर्डवर काही तीन की एकदम दाबल्या तर तिसरी उमटायचीच नाही. राणीने सांगितलेल्या रोलओव्हरने टाईप करणाऱ्याला हे मारक आहे, अक्षरं गळतात आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. मी मेकॅनिकल (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला) घेतला, रेड स्विच, त्यात की पूर्ण ४ मिलिमीटर खाली जाते पण २ मिलिमीटरवरच अक्षर उमटतं, तळाला आपटायची गरजच नाही. पहिला आठवडा उलट वेग कमी झाला कारण बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडायचं. मग जमलं.

त्याआधीचा एक की-बोर्ड तर भुताटकीच होता, 'ई' एकदा दाबला की दोनदा यायचा. दोन आठवडे मी माझ्याच बोटाला शिव्या घालत होतो.

हिशोबी | बुध, सकाळी ८.३०

टकटक, अक्षर गळणं आणि दोनदा येणं हे खरेच दोष आहेत, मान्य. पण चांगल्या की-बोर्डवरून दुसऱ्या चांगल्यावर गेल्याने ६८ चे ८० होत नाहीत. बॅकस्पेसचा हिशोब वर दिलाय, तो कुठल्याही स्विचवर तेवढाच.

शंकासुर | बुध, दुपारी १२.१५

माझी जरा वेगळी तक्रार. रेसमध्ये २०० च्या वर जाणारे लोक खरे असतात का? मला तर सरळ स्क्रिप्ट (आपोआप टाईप करणारा प्रोग्रॅम) लावलेली वाटते.

रोलओव्हर_राणी | बुध, दुपारी १२.५०

दोन्ही प्रकार असतात. खरे आहेत, छोट्या उताऱ्यावर २०० च्या पुढे जाणारे लोक आहेत. शॉन रोना नावाचा एक गडी २०१० मध्ये ऑस्टिनला अल्टिमेट टायपिंग चँपियनशिप प्रेक्षकांसमोर स्टेजवर जिंकला होता, तिथे कुठली स्क्रिप्ट लावणार? पण लबाडही भरपूर. टाईपरेसरवर १०० च्या वर गेलात की एक चाचणी येते, वेडंवाकडं अक्षर असलेलं चित्र दाखवतात आणि तेच भराभर टाईप करायला लावतात. स्क्रिप्टला ते वाचता येत नाही म्हणून. मला पहिल्यांदा ती आली तेव्हा आनंदाने हात एवढे थरथरले की नापास झाले.

लबाडी पकडायची दुसरी खूण म्हणजे ठेका. माणसाच्या दोन कींमधलं अंतर कधीच एकसारखं नसतं. शेजारशेजारच्या दोन बोटांनी होणारी जोडी पटकन पडते, एकाच बोटाने दोन अक्षरं करायची असली की अडखळतं. स्क्रिप्टचा आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट येतो.

आणि एक वादाची गोष्ट, काही उपकरणांवर दोन-चार की एकदम दाबल्या की अख्खा शब्द उमटतो, कॅराकॉर्डर हे त्यातलं नाव. मंकीटाईपने ते लीडरबोर्डवर चालणार नाही असं सांगितलं. मला पटलं. लबाडी नाही म्हणत मी, पण सायकलच्या शर्यतीत मोटरसायकल कशाला?

टकटक_बंद | बुध, दुपारी १.०५

मग नायट्रो सोडणारे बहाद्दर काय झाले?

बॅकस्पेस_बहाद्दर | बुध, दुपारी १.०६

सायकलला पंप मारणारे.

मराठीतच_बोला | बुध, सायं ५.४०

सगळे इंग्रजीचंच बोलताय म्हणून विचारते. देवनागरीत रेस कुणी करून पाहिली आहे का? मी मंकीटाईपवर स्वतःचा मजकूर टाकून इनस्क्रिप्टने (देवनागरीचा प्रमाण कळफलक) बघितलं आणि डोकंच फिरलं. एक तर मोजणीच. "स्त्री" आपण एक अक्षर म्हणतो, पण संगणकासाठी ते स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी, असे सहा तुकडे. पाचाचा एक शब्द धरला तर नुसत्या "स्त्री" चा जवळजवळ सव्वा शब्द झाला! जोडाक्षरं भरपूर असलेला उतारा आला की वेग भलताच फुगतो किंवा भलताच पडतो, मोजणारा तुकडे मोजतोय की दिसणारी अक्षरं, त्यावर.

आणि खरा वैताग पुढे आहे. "ऱ्या" मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक नुक्त्याचा ऱ घेऊन हलंत, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मजकुरात एक तऱ्हा, माझा कळफलक टाकणार दुसरी. मी डोळे फाडफाडून बघतेय, अक्षर बरोबर आहे, आणि गेम म्हणतोय चूक! "दुसऱ्या" या एका शब्दावर मी पाऊण मिनिट अडकले होते.

हिशोबी | बुध, सायं ६.१५

हे भारी आहे. हा वेगळा धागा काढा कृपया.

कळफलककाका | बुध, सायं ७.००

पण इनस्क्रिप्टची एक गोष्ट वाखाणण्यासारखी आहे. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. का, की, कु, के, उजवा, डावा, उजवा, डावा, तबल्यासारखा ठेका लागतो. ड्वोराकने १९३६ मध्ये पेटंट घेतलेला इंग्रजी कळफलक याच कल्पनेवर आहे, मधल्या ओळीत डाव्या हाताखाली पाच स्वर.

शंकासुर | बुध, सायं ७.२०

म्हणजे ड्वोराक शिकलो तर वेग वाढेल?

रोलओव्हर_राणी | बुध, सायं ७.२६

दोन महिने आधी घटेल, त्यानंतरचं त्यानंतर. बोटांना आराम वाटतो म्हणणारे पुष्कळ आहेत. पण रेसमध्ये माझ्या पुढे असणाऱ्यांत क्वर्टीवाले (नेहमीचा इंग्रजी कळफलक वापरणारे) ढिगाने आहेत, तेव्हा हरण्याचं खापर लेआऊटवर फोडू नका.

वेगवेडा | रवि, रात्री १०.१८

मंडळी परत आलो. सगळ्यांचं थोडंथोडं ऐकलं. पहिले दोन दिवस काकांचं, ५५ ने, दात-ओठ खात. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नसेल, लोकांच्या गाड्या पोचून पार्क होतात तरी मी निम्म्यावर. पण एक गोष्ट दिसली जी आधी कधीच दिसली नव्हती, माझ्या निम्म्या चुका उजव्या करंगळीच्या आणि शिफ्टच्या आहेत. कॅपिटल आलं की शिफ्ट लवकर सुटतो किंवा उशिरा सुटतो, मग एकतर पहिलं अक्षर लहान नाहीतर पुढची दोन मोठी. म्हणजे "मी चुकतो" असं नाहीये, "मी शिफ्टला चुकतो" असं आहे, मग गुरुवारी नुसती कॅपिटलवाली नावंच टाईप करत बसलो.

शुक्रवारी निवांतचं ऐकून पडद्याच्या वरच्या भागावर जाड कागदाची पट्टी चिकटवली, गाड्याच दिसत नाहीत. घरचे विचारत होते स्क्रीन फुटली का. पहिल्या पाच रेसमध्ये मी कितवा आहे ते बघायची इतकी खाज सुटली की दोनदा पट्टी उचलली, आणि दोन्ही वेळा तिथेच चूक केली. नंतर सवय झाली. आज वीस रेस केल्या, सरासरी ७५, अचूकता ९७.

आणि शेवटची रेस पट्टी काढून केली, मुद्दाम. ८१ आले! दुसरा आलो. पहिला कोण तर बिनअकाउंटचा पाहुणा, माझ्यापुढे एका पूर्णविरामाने. मी तो पूर्णविराम दाबायच्या ऐवजी स्वल्पविराम दाबला हो.

हिशोबी | रवि, रात्री १०.३०

१.४ सेकंद.

वेगवेडा | रवि, रात्री १०.३१

माहितीये!!

रोलओव्हर_राणी | रवि, रात्री १०.४५

अभिनंदन रे. आता पाच रेस बेफाम पळवायच्या, काकांना न सांगता.

कळफलककाका | रवि, रात्री १०.५२

काका वाचतायत.

निवांत | रवि, रात्री ११.०५

इथले सगळेच जमलेत तर एक खासगी रूम उघडू का? टाईपरेसरवर आपली आपली रेस लावता येते, दुवा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवतो. काकांनी यायलाच पाहिजे. राणीने एका हाताने खेळावं.

रोलओव्हर_राणी | रवि, रात्री ११.०७

एका हाताने पण हरवेन. आले.

कळफलककाका | रवि, रात्री ११.०९

चष्मा पुसून येतो.

बॅकस्पेस_बहाद्दर | रवि, रात्री ११.१०

आकोच

बॅकस्पेस_बहाद्दर | रवि, रात्री ११.१०

*आलोच